उजवं फूल

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा अर्ध्यानं गेलं!

सिद्धेश्वरीचा निकाल आला. ऐकणं, वाचणं, बोलणं — तिन्ही पास. लिहिण्यात साडेसहा पाहिजेत, सहाच पडले. मागच्या वेळीही सहाच. परदेशात नर्स म्हणून जायचं तर ही इंग्रजीची परीक्षा चारी अंगांनी पास व्हावी लागते, नाहीतर तिकडचं हॉस्पिटल अर्ज बघतसुद्धा नाही. पोरगी मोबाइल पालथा ठेवून भाकरी थापायला बसली. मी म्हटलं, ऊठ, मी करते. तर म्हणाली, "राहू दे अव्वा, हाताला काहीतरी पाहिजे."

हे जेवायला आले. तिला कानडीत विचारलं, "याक सुम्म कुंती?" — गप्प का बसलीस. मीच सांगितलं. हे 'हं' म्हणाले, हात धुतले, दुकानाला गेले.

ह्या वहीत खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. निकाल ऐकला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं — बरं झालं!

देवा मल्लय्या, माफ कर.

४ फेब्रुवारी

तिच्याबरोबर कमरबी बाईंकडे गेले. मागच्याच गल्लीत राहतात. जन्मभर उर्दू शाळेत इंग्रजी शिकवलं, आता रिटायर. चष्मा कपाळावर चढवून तिचे सरावाचे कागद वाचले. एक, दोन, पाच. मग म्हणाल्या, "ह्या पोरीला लिहिता येतंय गिरिजाबाई. जोडता येत नाही."

परीक्षेत एक आकृती देतात. दोन देशांची, दोन सालांची, कशाचीही. ती बघून लिहायचं. आमच्या बाईसाहेबांनी लिहिलं होतं — ह्या देशात इतके. त्या देशात इतके. संपलं!

"अगे बेटा, ये पेपर है के पेशंट का चार्ट?"

सिद्धेश्वरीचा चेहरा पडला. म्हणाली, "बाई, आम्हाला पहिल्या वर्षापासून तेच शिकवतात. ताप एकशे एक, नाडी नव्वद. जे दिसलं ते लिहायचं. त्यावरून काय ते डॉक्टर ठरवणार. नर्सनं मत लिहायचं नाही."

"मग इथं डॉक्टर पण तूच."

बाईंनी कागदावर दोन रांगा लिहून दिल्या. दोन गोष्टी सारख्या असल्या तर — सिमिलरली, लाइकवाइज. उलट्या असल्या तर — हाउएव्हर, इन कॉन्ट्रास्ट, ऑन द अदर हँड. म्हणाल्या, "शब्द नंतर. आधी ठरव, सारखे की वेगळे. जिला ठरवायची भीती वाटते तिला डिक्शनरी पण वाचवत नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज हिला दोन वस्तू द्या. कुठल्या बी. भांडी, भाज्या, नातेवाईक!"

मी म्हटलं, मला कुठलं इंग्रजी बाई, मॅट्रिकला अडतीस मार्क होते.

"वस्तू द्यायला इंग्रजी कशाला लागतंय?"

७ फेब्रुवारी

रोज सकाळी पूजा झाली की मी दोन वस्तू सांगते. आज मैंदर्गीची ज्वारी आणि माढ्याची ज्वारी. काल तांब्याचा हंडा आणि प्लॅस्टिकची बादली. लिहायला लग्नपत्रिका काढून दिल्यात. मागची बाजू कोरी असते, जाड कागद, पेन छान चालतं. नवी वही कशाला?

ती लिहिते, मोठ्यानं वाचते, मग मराठीत सांगते. मी फक्त बघते की जोडशब्द कुठल्या रांगेतला आलाय. हळूहळू मलाही पाठ झालेत. पाणी तापेपर्यंत म्हणते — सिमिलरली, लाइकवाइज, इन कॉन्ट्रास्ट. आज जपाच्या माळेवर मधेच 'इन कॉन्ट्रास्ट' आलं! जीभ चावली.

पण मजा वाटते. पोरगी कामावरून येऊन माझ्याशी एवढं बोलतीय ते किती वर्षांनी!

१० फेब्रुवारी

बाईंनी कागद परत पाठवला. पाच ओळींत चार वेळा 'हाउएव्हर'. खाली मराठीत शेरा — 'हे मीठ आहे, कोथिंबीर नव्हे.' सिद्धेश्वरी हसली. निकालानंतर पहिल्यांदाच.

१४ फेब्रुवारी

आज वस्तू सुचेनात. ती म्हणाली, "अव्वा, तुझ्या गॅसच्या तारखा दे की."

गॅसची टाकी कधी लावली, कधी संपली हे मी घरखर्चाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी लावलेली सवय. दहा-अकरा वर्षांच्या तारखा निघाल्या. तिनं पट्टी घेतली आणि परीक्षेत येतात तशी आकृती काढली — उभ्या पट्ट्या. मग इंग्रजीत लिहिलं आणि मला सांगितलं:

घरात पाच माणसं होती तेव्हा टाकी सव्वीस दिवस पुरायची. थोरलीला अकलूजला दिली, टाकी तेहतीस दिवसांवर गेली. सिमिलरली, आजी वारली त्यानंतर चाळीसवर.

"बघ अव्वा, दोन्ही वेळी तसंच झालं. माणूस कमी झालं की पट्टी उंच. किती स्वच्छ दिसतंय!"

खुशीत होती. जोडशब्द जागच्या जागी बसला होता. मी पट्ट्यांकडे बघत राहिले. इतकी वर्षं टाकी जास्त पुरली की मला बरं वाटायचं. काटकसर जमली म्हणायची मी. आणि ती काटकसर नव्हतीच.

शेवटच्या पट्टीच्या उजवीकडे कागद कोरा होता. तिथली पट्टी मी मनातल्या मनात काढली. पंचावन्न दिवस. कदाचित साठ.

कागद तिच्या हाती दिला आणि कुकर लावला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज घरात तापलंच.

सिद्धेश्वरीनं ह्यांना सांगितलं, तिसऱ्यांदा फॉर्म भरते, अठ्ठावीस तारीख शेवटची. हे म्हणाले, "आणि पास झालीस तर?"

"तर जाणार, अप्पा."

"एकटी?"

"नाही, सगळी पेठ घेऊन जाते!"

मला वाटलं आता हे ओरडणार. ओरडले नाहीत. तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे बसले. मग म्हणाले, "मी हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. मल्लय्याला विचारू. फूल उजवं पडलं तर भर फॉर्म, मी स्वतः सोडायला येतो. डावं पडलं तर हा विषय परत काढायचा नाही."

"परीक्षा माझी आणि पेपर देव तपासणार व्हय?"

"तुझ्या अव्वाच्या लग्नाच्या वेळी पण फूल लावलं होतं."

"कुठल्या बाजूला पडलं?"

"उजव्या. तवापासून सोसतोय."

तिघंही हसलो. हसता हसता ठरून गेलं! दुकान सोडून ह्यांना जाता येत नाही, हिची ड्युटी. उद्या सोमवार आहे, मीच मैंदर्गीला जाऊन विचारायचं. माझ्या माहेरचा देव. सिद्धेश्वरी म्हणाली, "चालेल. पण अप्पा, मग शब्द."

"शब्द."

मला कुणी विचारलं नाही, तुझं काय म्हणणं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या एसटीनं गेले. देवळात गर्दी नव्हती. पुजारी स्वामींनी मल्लय्याच्या मुखवट्याला पाणी घातलं, दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं तर नकार. प्रश्न मनातच विचारायचा असतो.

मी विचारलं — तिला जाऊ देऊ, का ठेवून घेऊ?

फुलं हलली नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. समईची वात सरळ. माझे गुडघे दुखायला लागले. स्वामी म्हणाले, "बाई, काय विचारलंस?" मी म्हटलं, दोन्ही विचारलं. ते म्हणाले, "दोन विचारलं की देव गप्प बसतोय. एका वेळी एकच विचार. तुला काय कळून घ्यायचंय ते आधी तू ठरव."

म्हणून डोळे मिटून एकच विचारलं — तिनं जावं का?

डोळे उघडायच्या आधी आवाज आला. ओल्या फुलाचा केवढासा आवाज असतो! पण मला आला. उजवं.

"घे, काम झालं तुझं," म्हणून स्वामींनी फूल माझ्या ओंजळीत टाकलं.

एसटीत बसायला जागा नव्हती, उभी होते. काहीच ठरवलेलं नव्हतं, खरंच सांगते. घरी आले. हे दुकान लवकर बंद करून आले होते. सिद्धेश्वरी युनिफॉर्मवरच उंबऱ्यात. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं — डावं.

१८ फेब्रुवारी

तिनं डबा नेला, परत आणला.

२० फेब्रुवारी

मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. त्याची तयारी करून ठेवली होती. पण ती रोजच्यासारखी पूजेनंतर येऊन बसली. "दे की वस्तू."

"आता कशाला?"

"अप्पांनी फॉर्म भरू नको म्हटलंय. लिहू नको कुठं म्हटलंय?"

मी म्हटलं, घागर आणि कळशी.

लिहिलं. बरोबर लिहिलं. आता तिला शब्द शोधावा लागत नाही. बघते, ठरवते आणि लिहिते. तिला यायला लागलं आणि मी दार लावलं!

२२ फेब्रुवारी

कमरबी बाई स्वतः घरी आल्या. जिना चढून धापा टाकत. "फॉर्म भरला का?" सिद्धेश्वरी आत निघून गेली. मी सांगितलं, देवानं नाही म्हटलं.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गिरिजाबाई, तुमच्या देवाबद्दल मी बोलणार नाही. माझ्या सासूनं मला बीएडला पाठवायच्या आधी इस्तिखारा केला होता. तो पण देवालाच विचारायचा प्रकार. सकाळी उठून म्हणाली, स्वप्नात हिरवं दिसलं, जा. मला काय ठाऊक खरंच हिरवं दिसलं होतं का! पण ती बाई जा म्हणाली. म्हणून मी बाई झाले."

त्यांना काही माहीत नाही. सहज बोलल्या. मी कपबशी उचलून मोरीत नेली.

उठताना म्हणाल्या, "अठ्ठावीसपर्यंत आहे अजून. देव बदलत नसंल, बाप बदलतो."

२५ फेब्रुवारी

कॅलेंडरकडे बघवत नाही. तीन दिवस.

ह्यांनाच सांगून टाकावं म्हणून दुपारी दुकानावर गेले. गिऱ्हाईक होतं. तूरडाळ पाव किलो घेतली आणि परत आले. स्वतःच्या दुकानातून पुडी बांधून! हे बघतच राहिले.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

निर्जळी उपास. पहाटे सिद्धेश्वराच्या रांगेत उभी राहिले. अडीच तास. पुढं पोचल्यावर मान वर झाली नाही. बेल वाहिला आणि मागच्या बाईच्या धक्क्यानं बाहेर आले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. डोळे भरून बघितल्याशिवाय मी कधी निघाले नाही.

घरी आले तर सिद्धेश्वरी कागद घेऊन बसलेली. बाईंनी तिला काल विषय दिला होता, घरातल्या दोन माणसांची तुलना. तिनं अप्पा आणि अव्वा घेतले. बाईंनी तपासून दिलं होतं. पहिल्यांदाच एकही शेरा नाही. नुसती मोठी बरोबरची खूण.

"वाचून दाखवू?"

वाचलं. मग मराठीत सांगितलं. अप्पा कमी बोलतात. इन कॉन्ट्रास्ट, अव्वा भिंतीशीपण बोलते. अप्पा कधी हिशेब लिहीत नाहीत, सगळं डोक्यात. ऑन द अदर हँड, अव्वा काडेपेटीतल्या काड्यासुद्धा मोजते. मी हसत होते. मग शेवटचं —

"अप्पा देवाचा शब्द मोडत नाहीत. लाइकवाइज, अव्वानंही तो कधी मोडलेला नाही."

वाचून झाल्यावर ती माझ्याकडेच बघत होती.

"लाइकवाइज म्हणजे?" मी विचारलं. मला पाठ होतं तरी विचारलं.

"तसंच, अव्वा. अगदी तसंच."

उपासाचं निमित्त केलं, चक्कर येतीय म्हटलं आणि देवघरात जाऊन बसले. सगळा कागद खरा होता. एका ओळीपुरता खोटा. तेवढं एक वाक्य बाईंना चुकीचं धरता आलं नाही, कारण ते मलाच माहीत.

२७ फेब्रुवारी

उपास सोडायच्या आधी सांगितलं. घास तोंडात घालून सांगता आलं नसतं.

हे ताटावर बसलेले. सिद्धेश्वरी पाणी देत होती. मी म्हटलं, "अहो, फूल उजवं पडलं होतं."

"कुठलं फूल?"

"मैंदर्गीचं. मी डावं सांगितलं."

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज तेवढा झाला. हे माझ्याकडे अशी नजर करून बघत होते जशी कुणी परकी बाई घरात शिरलीय. "देवाच्या नावानं? तू?"

मी मान हलवली.

"शिवरात्रीचा निर्जळी उपास करतीस. आणि देव काय म्हणाला ते बदलतीस!"

"तिनं जाऊ नये वाटलं."

"मला पण वाटतंय की! मला वाटत नाही व्हय?" आवाज चिरकला. बत्तीस वर्षांत ह्यांचा आवाज चिरकलेला मी ऐकला नव्हता. "म्हणून तर देवावर टाकलं. माझ्या तोंडातून नाही निघू नये म्हणून."

ताट तसंच ठेवून उठले. चपला घातल्या. मग वळून, माझ्याकडे न बघता, सिद्धेश्वरीला म्हणाले, "फॉर्म भर. आजच." आणि जिन्यात गेल्यावर खालून, "मॅट्रिक झालेली बाई! डावं-उजवं कळत नाही!"

सिद्धेश्वरी माझ्यापाशी येऊन बसली. मला वाटलं आता बोलेल. तिनं माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "जेव."

एवढंच. रागावली नाही, गळ्यातही पडली नाही. काय चाललंय तिच्या मनात?

२८ फेब्रुवारी

फॉर्म गेला. हे माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तर सिद्धेश्वरीला सांगतात, "तुझ्या आईला सांग."

९ मार्च

हे आज बोलले. "चहा अळणी लागतोय," म्हणाले. चहा कधी खारट असतो का! पण बोलले.

१५ मार्च, शनिवार

पुण्याला परीक्षा. दुकान बंद ठेवून हे तिच्याबरोबर गेलेत. शब्द म्हणजे शब्द. मी घरी एकटी. जपाला बसले, पण काय मागावं तेच कळेना. पास होऊ दे असं मनापासून म्हणवत नाही, नको होऊ दे म्हणायची आता सोय नाही. नुसतीच माळ ओढली.

दुपारी फोन आला. "अव्वा, कसली आकृती आली असंल सांग? दोन शहरांतली घरं आणि त्यात राहणारी माणसं!"

"मग?"

"मग काय, आपल्या टाकीच्या पट्ट्या आठवल्या. माणूस कमी झालं की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको."

२४ मार्च, सोमवार

लिहिण्यात सात!

कमरबी बाईंनी खिडकीतूनच ओरडून गल्लीला सांगितलं. मी शिरा केला, तूप हात न आखडता घातलं. हे शिरा खाता खाता म्हणाले, "देव खोटं बोलत नाही." माझ्याकडे बघूनच म्हणाले. मला ते घ्यावंच लागलं.

१२ जुलै, शनिवार

व्हिसा आला. तिकीट बावीस तारखेचं. आज बॅग भरायला घेतली. हे आतल्या खोलीत पडलेले. शेंगाचटणीची पिशवी दाबून बसवता बसवता सिद्धेश्वरी हळूच म्हणाली, "अव्वा, एक सांगू? अप्पांना सांगू नकोस." शिवरात्रीच्या दोन दिवस आधी ती रात्रपाळी संपवून परस्पर मैंदर्गीला गेली होती. स्वतः फूल लावलं. डावं पडलं. वर स्वामी म्हणाले, तुझ्या आईला तर मागच्या सोमवारी उजवं पडलं होतं की!

म्हणजे तिला माझं सगळं तेव्हाच कळलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं सांगितलं असतं तर माझं पण सांगावं लागलं असतं."

"आणि ते लाइकवाइज?"

"ते बाईंसाठी नव्हतं लिहिलं."

माझ्या हातात पिशवी तशीच राहिली. दोन फुलं. एक उजवं, एक डावं. ह्यांना कळलं तर अजूनही तिकीट फाडतील, शब्दाचे पक्के आहेत. मी नुसती एक हाक मारायचा अवकाश होता.

तेवढ्यात हे आतून म्हणाले, "काय कुजबुज चाललीय दोघींची?"

मी म्हटलं, "काही नाही हो. अजून किती वजन बसतंय ते बघतोय."

आणि बॅगेची चेन ओढून लावली.